गड उतरलेली माणसं

खडकवासल्याच्या धरणाजवळ उभं राहिलं की दक्षिणेला सिंहगड दिसतो. आधी डोळ्यांत भरतो तो दूरदर्शनचा मनोरा, मग त्याच्या आधाराने गडाचा माथा शोधायचा. रविवारी संध्याकाळी या चौपाटीवर कणसांचा धूर, कांदाभजीचे घाणे आणि वेड्यावाकड्या लावलेल्या दुचाक्या यांतून चालायला वाट उरत नाही. या गर्दीतल्या शाळकरी पोरालासुद्धा गडाची गोष्ट पाठ असते. तानाजी, शेलारमामा, उदेभान, कापलेले दोर, घोरपड. ४ फेब्रुवारी १६७० ही तारीख सांगणारेही निघतील. गडाची दुसरी तारीख आहे २ मार्च १८१८. त्या दिवशी सिंहगड मराठ्यांच्या हातून गेला तो कायमचा. ती मात्र गडावर दह्याच्या मडक्या घेऊन बसणाऱ्या मावश्यांपासून इतिहासाच्या पदवीधरांपर्यंत फारशी कुणाला ठाऊक नसते, आणि ठाऊक नसल्याची रुखरुखही कुणाला नाही.

मला ही दुसरी तारीख जास्त सतावते. जिंकलेल्या लढाईत माणसं का लढली, हे कुणी विचारत नाही. हरलेल्या फौजेच्या शेवटच्या लढाईचं तसं नाही. राजधानी गेलेली, मालक पळालेला, निकाल आंधळ्यालाही दिसावा असा. तरी काही माणसं मोर्चा सोडत नाहीत. त्यांना नेमकं काय हवं असतं?

निकाल लागायला फार दिवस लागले नव्हते. ५ नोव्हेंबर १८१७ ला गणेशखिंडीच्या मुलुखात, आज जिथे विद्यापीठ आणि रेंजहिल्स आहे तिथे, पेशव्यांची पंचवीस हजारांहून मोठी फौज कंपनीच्या २८०० माणसांवर चालून गेली. पेशवे दुसरे बाजीराव पर्वतीवरून पाहत होते. जरीपटका घेऊन पुढे गेलेले मोरो दीक्षित पडले. घोडदळ भरधाव निघालं आणि मधल्या दलदलीत रुतलं. ती दलदल कुणी आधी पाहून ठेवलेली नव्हती. पुण्याच्या वेशीपासून हाकेच्या अंतरावरचा चिखल पुण्याच्याच फौजेला माहीत नसावा, याचं मला आजही नवल वाटतं. दिवस मावळला तेव्हा पेशव्यांकडची सुमारे ५०० माणसं कामी आली किंवा जखमी झाली होती, इंग्रजांकडची ८६. आणि ‘इंग्रजांकडची’ म्हणताना जपून म्हणायला हवं. त्या ओळीत मुंबई इलाख्याच्या देशी पलटणी होत्या, म्हणजे कोकणातली आणि घाटावरची मराठी बोलणारी माणसंही होती.

येरवड्याजवळ आणखी एक झटापट झाली, पेशवे रातोरात निघून गेले आणि १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. ते चढवणारे म्हणून बाळाजीपंत नातूंचं नाव पुण्याने दोनशे वर्षं जपलं आहे, शिव्या घालण्यापुरतं का होईना. सिंहगड शेवटपर्यंत धरून बसलेल्यांपैकी एकाचं तरी नाव पुणेकराला विचारून पाहा. फितुरांची वंशावळ आपल्याला तोंडपाठ असते. जे जागचे हलले नाहीत त्यांची नोंद घ्यायला आपल्याला सवड झाली नाही.

नंतरचे तीन महिने नुसती धावाधाव. सातारा, पंढरपूर, जुन्नरची बाजू, १ जानेवारीला कोरेगाव भीमा, तिथून थेट घटप्रभेपर्यंत आणि पुन्हा वळून सोलापूरकडे. पेशव्यांच्या लवाजम्यात साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह, त्यांची आई आणि भाऊ होते. म्हणायला धनी, वागणूक कैद्यांची. पाठलागावर जनरल स्मिथ. फौज रोज थोडी थोडी गळत होती.

पण माझ्या मते ही फौज तलवारीने जितकी मोडली त्याहून जास्त एका कागदाने मोडली. १० फेब्रुवारी १८१८ ला साताऱ्याचा किल्ला इंग्रजांनी घेतला आणि दुसऱ्याच दिवशी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जाहीरनामा काढला. बाजीरावांचं राज्य संपलं, साताऱ्याच्या महाराजांना सोडवून त्यांना स्वतंत्र मुलूख देऊ, वतनं, इनामं, देवस्थानं, वर्षासनं जशीच्या तशी चालतील, कुणाच्या धर्मात हात घालणार नाही. आणि शेवटी मेख: बाजीरावांच्या चाकरीत असलेल्यांनी दोन महिन्यांच्या आत घरी परतावं, न परतणाऱ्याचं वतन जप्त. एल्फिन्स्टन पुण्यात वर्षानुवर्षं रेसिडेंट म्हणून राहिलेला माणूस. मराठी सरदाराचा आणि शिपाईगड्याचा जीव कशात गुंतलेला असतो हे त्याने जवळून पाहिलं होतं. त्याने त्या नाडीवरच बोट ठेवलं. देशमुखी, पाटीलकी, बापजाद्यांची जमीन एका बाजूला, आणि सतत पुढे पुढे पळणारा पेशवा दुसऱ्या बाजूला. माणसं घरी गेली. मी त्यांना नावं ठेवणार नाही. माझ्या घरात सातबाऱ्यावरच्या अर्ध्या एकरासाठी सख्खे भाऊ वीस वर्षं बोलत नव्हते. जमिनीपुढे निष्ठेचं काय होतं हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

म्हणूनच २० फेब्रुवारीला आष्टीला जे घडलं ते वेगळं वाटतं. आष्टी म्हणजे आजच्या सोलापूर जिल्ह्यातलं, पंढरपूरपासून फार लांब नसलेलं गाव. बाजीराव भोजनाला बसले असताना स्मिथचं घोडदळ अगदी जवळ आल्याची बातमी आली. त्यांनी सेनापती बापू गोखल्यांना दोष दिला. गाफील राहिल्याचा दोष, आणि तो पुरता खोटाही नव्हता. बापूंनी पिछाडी सांभाळण्याचं वचन दिलं. बाजीरावांनी पालखी सोडली, घोड्यावर मांड टाकली आणि ते निघून गेले. बापू काही शे निवडक घोडेस्वार घेऊन उलटे फिरले.

हे बापू म्हणजे नरहर गणेश गोखले, कोकणातल्या तळेखाजणचे. १८०० मध्ये धोंडजी वाघ या बंडखोराच्या पाठलागात चुलते धोंडोपंत मारले गेले, बापू स्वतः जबर जखमी झाले. पुढे त्यांनी धोंडजीचा पिच्छा पुरवला तो आर्थर वेलस्लीच्या मोहिमेत, त्याच्या बरोबरीने. १८०३ च्या युद्धातही ते वेलस्लीसोबत होते. इंग्रजी घोडदळ कसं चालतं, ओळ कशी धरतं, कुठे वळताना विस्कळीत होतं हे त्यांनी मित्राच्या जागेवरून पाहिलेलं होतं. आष्टीला ते नेमके त्या विस्कळीत क्षणीच जाऊन भिडले. इंग्रज स्वार अजून रांगा लावत असताना त्यांच्या बाजूवर धडक दिली. खुद्द जनरल स्मिथच्या डोक्यावर वार बसला. थोडा वेळ कंपनीच्या रांगा हलल्या. मग बाविसाव्या ड्रॅगून्सची तुकडी वळून आली आणि बापू पडले. आनंदराव बाबर आणि गोविंदराव घोरपडे हेही त्याच मैदानात गेले. इंग्रजांचं मनुष्यबळ फारसं खर्ची पडलं नाही. लढाई म्हणून पाहिलं तर आष्टी किरकोळच म्हणायची.

पण या किरकोळ लढाईतली एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. ज्या छत्रपतींच्या नावाने ते राज्य चालत होतं, ते प्रतापसिंह त्याच मैदानावर होते, आणि त्यांना बाजीरावांच्या हातून सुटायचं होतं. ते मागे राहिले आणि इंग्रजांच्या स्वाधीन झाले. एप्रिलमध्ये एल्फिन्स्टनने त्यांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं. म्हणजे बापू गोखले लढत असताना त्यांच्या धन्याचा धनी त्यांच्या पराभवाची वाट पाहत होता, आणि त्यांचा धनी घोड्याला टाच मारून दूर गेला होता. उरलं काय? दिलेला शब्द. तोही एका अशा माणसाला दिलेला, ज्याच्याविषयी बापूंचं स्वतःचं मत काही फार उंच असेल असं वाटत नाही. त्या शब्दाने बाजीरावांना काही तास मिळाले. बापूंच्या मरणाचा हिशेब एवढाच. नंतरच्या पोवाड्यांनी आणि नाटकांनी त्यात बरंच भरलं. मला तो मूळचा कोरडा हिशेबच जास्त हलवतो.

याच दिवसांत इकडे सिंहगडाला वेढा पडला होता. सातारा घेऊन जनरल प्रिट्झलर इकडे वळला. तेव्हा खडकवासल्याला हे पाणी नव्हतं. धरण बांधून झालं १८७९ च्या सुमारास, आणि इंग्रजांनी त्या तलावाला फाइफ या इंजिनिअराचं नाव दिलं होतं. वेढ्याच्या वेळी इथून नुसती मुठा वाहत होती.

गडाला इंग्रज नवे नव्हते. १८१७ च्या मे महिन्यात बाजीरावांचे विश्वासू त्रिंबकजी डेंगळ्यांना हवाली करा म्हणून एल्फिन्स्टनने पेशव्यांना पेचात धरलं, तेव्हा सिंहगड, पुरंदर आणि रायगड हे तीन किल्ले तारण म्हणून घेतले होते. काही महिन्यांनी ते परत दिले. एका वर्षाच्या आत सिंहगड दोनदा इंग्रजांच्या ताब्यात गेला. पहिल्यांदा कागदावर, दुसऱ्यांदा तोफांनी. मधल्या काळात ज्यांनी तो परत मिळवला त्यांना हा डोंगर पुन्हा सोडायचा नसावा.

मार्चमध्ये दार उघडलं तेव्हा आत ११०० माणसं होती. त्यांतले ७०० गोसावी आणि ४०० अरब. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा थबकलो होतो. तानाजीच्या गडावर, पेशवाईच्या अखेरच्या दिवसांत, तोफांच्या माऱ्याखाली दहाएक दिवस तग धरून राहिलेली माणसं म्हणजे जटा वाढवलेले, शस्त्र बाळगणारे उत्तरेचे बैरागी-गोसावी आणि समुद्रापलीकडून आलेले अरब. मावळे नव्हेत, सरदारांची पागा नव्हे. आणि एल्फिन्स्टनचा कागद आठवला की याचं कोडंही सुटतं. जप्त व्हायला यांच्याकडे वतनच नव्हतं. दोन महिन्यांची मुदत ज्यांना लागू होत होती ते आपापल्या गावी गेले. ज्यांना कुठलंच गाव नव्हतं ते गडावर राहिले.

यावर लगेच कुणी म्हणेल, भाडोत्री ते. खरंच आहे. पेशव्यांच्या पायदळात अरबाला मराठी शिपायाच्या दुपटीहून जास्त पगार मिळे, आणि पगार थकला की अरब मालकाच्या दारात धरणं धरून बसत. पण पगार देणारा पेशवा त्या वेळी कुठे होता? त्याची शेवटची खबर आष्टीची. गडावरचा माणूस पैशासाठीच लढत असेल, तर त्याने पहिल्या गोळ्याबरोबर खाली यायला हवं होतं. पैसे घेऊन लढणारा शेवटपर्यंत लढला तर त्याची लढाई हलकी कशी होते, हे मला कळलेलं नाही. आपल्या गोष्टीत तो बसत नाही, एवढाच त्याचा दोष असावा. गोसाव्याचा पुतळा कुठल्या चौकात उभारायचा, आणि अरबाच्या नावाने कुणी जयंती साजरी करायची?

त्यांनी मिळवलं काय, ते तहाच्या अटींत दिसतं. किल्ल्यातल्या शिबंदीने आपली हत्यारं आणि खाजगी चीजवस्तू घेऊन खाली उतरावं. कंपनीच्या पहाऱ्यात वऱ्हाडात एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला जावं. पुन्हा कुठल्याही देशी संस्थानाची चाकरी धरणार नाही अशी शपथ घ्यावी, आणि ती पाळली जाईल याला जामीन म्हणून काही माणसं ओलीस द्यावीत. हत्यार खांद्यावर ठेवून उतरणं आणि ते खाली टाकून उतरणं, यांतलं अंतर गड चढलेल्या कुणालाही पायांनी कळेल. त्या दहा दिवसांची किंमत म्हणून त्यांनी हे अंतर पदरात पाडून घेतलं. गड वाचणार नाही हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असणार. हरल्यावर आपल्याशी कसं वागलं जाईल, एवढंच ठरवायचं बाकी होतं, आणि ते त्यांनी लढून ठरवलं.

खडकवासल्याच्या धरणावरून उत्तरेच्या काठाकडे मान वळवली की राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. दुसऱ्या महायुद्धात या तलावाच्या त्या काठावर सैन्याला जहाजातून किनाऱ्यावर उतरण्याचं शिक्षण देत, त्यासाठी तिथे एक नकली जहाजही उभारलेलं होतं. पुढे १९४९ मध्ये नेहरूंच्या हस्ते कोनशिला बसली, १९५५ च्या जानेवारीत उद्घाटन झालं. तिथली घुमटाची मुख्य इमारत सुदान ब्लॉक म्हणून ओळखली जाते. पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेत भारतीय जवानांनी केलेल्या बलिदानाची आठवण म्हणून १९४१ मध्ये सुदानने एक लाख पौंड देऊ केले होते. फाळणीनंतर त्यातले ७० हजार पौंड भारताच्या वाट्याला आले आणि त्यांतून ती इमारत उभी राहिली.

त्या मोहिमेत हरलेली फौज इटलीची होती. १९३५ मध्ये इथिओपियावर चालून गेलेली, सहा वर्षांनी तिथेच कोंडली गेलेली. केरेनच्या डोंगरांवर चौथ्या आणि पाचव्या भारतीय डिव्हिजनांनी आठवडेच्या आठवडे झुंज दिली. त्यांत मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान होते. केरेन पडलं, ५ मे १९४१ ला इथिओपियाचा सम्राट हैले सेलासी आदिस अबाबात परतला, युद्ध संपल्यात जमा होतं. तरी इटलीचा सेनापती, आओस्ताचा ड्यूक, अंबा अलागी नावाच्या उंच डोंगरी ठाण्यावर अडून बसला. मे महिन्याच्या मध्यावर त्याने शरणागती पत्करली. अट काय? त्याच्या माणसांना हत्यारांनिशी, मानाने खाली उतरू द्यावं. ते उतरले, विजेत्यांनी सलामी दिली, मग हत्यारं ठेवून घेतली. त्या डोंगराला वेढा घालणाऱ्यांत भारतीय शिपाई होते. सव्वाशे वर्षांपूर्वी सिंहगडाहून उतरणाऱ्यांनी जे मागितलं, तेच इथिओपियाच्या डोंगरावर इटलीच्या राजघराण्यातल्या माणसाने मागितलं. आक्रमक म्हणून आलेला तो, त्याच्याविषयी मला माया नाही. पण हरल्यावर माणसाला हवं असतं ते फार वेगवेगळं नसतं, असं दिसतं. प्रबोधिनीतले कॅडेट पाठीवर ओझं घेऊन सिंहगड चढतात. चढणारी ही मुलं पुढे अधिकारी होतात. कुणाला तरी मानाने उतरू देण्याची वेळ त्यांच्यावरही येऊ शकते, आणि उतरण्याचीसुद्धा.

मानापमानाच्या या गोष्टींशेजारी पैशाची गोष्टही ठेवायला हवी, नाहीतर चित्र फार साजूक होईल. पेशव्यांच्या किल्ल्यांतून आणि तळांवरून जी लूट मिळाली तिचा दख्खन प्राइज म्हणून निधी झाला. कुठल्या सेनापतीला किती, कुठल्या पलटणीला किती, यावर इंग्लंडात वाद सुरू झाले आणि ते युद्धाहून कितीतरी जास्त काळ चालले. वाटणीचे विश्वस्त नेमले गेले त्यांत एक होता ड्यूक ऑफ वेलिंग्टन. म्हणजे तोच आर्थर वेलस्ली, ज्याच्या शेजारी घोडा घालून बापू गोखल्यांनी धोंडजी वाघाचा पाठलाग केला होता. बापूंच्या फौजेच्या लुटीची कागदपत्रं त्याच्या टेबलावर गेली. त्यातलं गोखल्यांचं नाव वाचून त्याला काही आठवलं असेल का, हा माझा रिकामटेकडा प्रश्न.

आणि शेवटची लढाई नेमकी कुठली म्हणायची? आष्टी म्हणावी, तर पेशवे अजून हिंडत होते. सिंहगड म्हणावा, तर पुरंदर मार्चच्या मध्यावर गेला, वासोटा एप्रिलमध्ये. मे महिन्यात सोलापूरला इंग्रज सेनानी मन्रोपुढे पेशव्यांचं पायदळ आणि तोफखाना मोडला. १० मे ला रायगड उतरला. बाजीरावांच्या पत्नी वाराणसीबाई तिथे होत्या. मालेगावच्या भुईकोटात अरबांनी जूनच्या मध्यापर्यंत दम काढला आणि इंग्रजांची भरपूर माणसं मारली. तोवर ज्याच्या नावाने ते लढत होते त्याने ३ जूनला इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन होऊन वर्षाला आठ लाखांचा तनखा मान्य केला होता. मालेगावातल्या अरबांना ती बातमी कळली होती की नाही, कळून त्यांना काही फरक पडला असता की नाही, कोण जाणे.

एप्रिल १८१९ मध्ये अशीरगड पडला तेव्हाही तटावर मोठ्या संख्येने अरबच होते. तो किल्ला पेशव्यांचा नव्हताच. शिंद्यांचा होता, आणि शिंदे या युद्धात इंग्रजांच्या विरुद्ध उतरलेलेही नव्हते.